कुंच्याचे फराटे

दिवाळीआधी आमच्या जालन्याच्या घराला रंग द्यायला काढला आणि काम अडले ते देवघराच्या कोनाड्यापाशी. तिथला चुना दर वर्षी आई स्वतः देई. कुंच्याचे फराटे जसे उमटतील तसे. आई जाऊन दोन वर्षे झाली, फराटे आहेत.

रंगारी म्हणाला, "सर, हे घासून काढू. भिंत कशी आरशासारखी दिसली पाहिजे!"

मी मान डोलावली. पण कन्यारत्न आडवे आले. "बाबा, परवा तुम्हीच ते पाळण्याचं चित्र दाखवलंत ना?"

ते चित्र बर्थ मोरिझो या फ्रेंच चित्रकर्तीचे, १८७२ सालचे. पाळण्यात तान्ही भाची, शेजारी गालाला हात लावून तिला न्याहाळणारी बहीण एडमा. एडमाही पूर्वी बर्थच्या जोडीने चित्रे काढी. लग्नानंतर कुंचला सुटला. पाळण्यावरचा झिरझिरीत पडदा म्हणजे नुसते पांढऱ्या रंगाचे फटकारे, आणि ते लपवलेले नाहीत. त्या काळी पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनांत मान होता तो गुळगुळीत चित्रांना.

गुळगुळीत चित्रात माया नसते असे मात्र नाही. सावळाराम हळदणकरांचे १९४५-४६ चे दीपधारिणीचे चित्र आठवा. ज्योतीला हाताचा आडोसा करून उभी असलेली ती तरुणी त्यांचीच मुलगी. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातले हे चित्र पुष्कळांना रविवर्म्याचे तैलचित्र वाटते. आहे ते जलरंगातले. त्यात कुंचला कुठेच दिसत नाही. बापाची सारी माया त्या चेहऱ्यावरच्या उजेडात मुरली आहे.

मोरिझोच्या चित्रात मात्र बहिणीबरोबर तिच्याकडे पाहणारीही भेटते. हात कुठे भरभर चालला, कुठे रेंगाळला, ते कळते.

मी पुन्हा कोनाड्याजवळ गेलो. उजव्या कोपऱ्यात, वर, फराटे आखूड होते. शेवटच्या वर्षी आईचा हात तिथवर नीट पोहोचत नव्हता. ती काही बोलली नव्हती, आणि मीही पाहिले नव्हते.

"एवढं राहू द्या," मी रंगाऱ्याला म्हणालो.

"लोक म्हणतील, काम अर्धवट टाकलं!"

"म्हणू द्या."

१८७४ साली पहिल्यांदा प्रदर्शनात मांडलेली मोरिझो आणि तिच्या मित्रांची चित्रे पाहून पॅरिसचे टीकाकारही हेच म्हणाले होते. ते मात्र मी त्याला सांगितले नाही.