पाय कुणाच्या हाती देता?

पोलीस भरतीसाठी आपली मुले १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याचा सराव करतात. सोलापुरात मैदान मिळाले नाही तर डांबरी रस्त्यावर पळतात. गुडघा किंवा घोटा मुरगळला की आपण आधी चोळणाऱ्याला गाठतो. ताजी दुखापत चोळली, शेकली तर सूज वाढते. एक्स-रेत मोडलेले हाड दिसते, पण गुडघ्यातला फाटलेला लिगामेंट दिसत नाही. ते ओळखायला शिकलेला हात लागतो.

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या डॉक्टरांना नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट मिळवावे लागतात, म्हणजे पदवीनंतरही शिकावे लागते. ही मान्यता त्यांच्या मानापुरती नाही. ती आपल्या लेकरांच्या पायाची राखण आहे. म्हणून नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.

पण रोज पहाटे शिट्टी वाजवणाऱ्या आपल्या प्रशिक्षक दादाला कोण शिकवते? खेळाडूंच्या दुखापतींवर एम.डी.पर्यंतचे शिक्षण आहे, ते वस्तीपर्यंत पोहोचत नाही. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाने दरवर्षी भरतीआधी वस्त्यांतील प्रशिक्षकांसाठी शिबिर घ्यावे, अशी आमची मागणी आहे. मंडळांनी तसा अर्ज एकत्र द्यावा.

तोवर एवढे करा: धावणे थांबवा, फडक्यात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटे ठेवा, पाय उशीवर उंच ठेवा. पायावर भार देता येत नसेल तर त्याच दिवशी सिव्हिलला न्या.