वाईचे घाट आणि प्रवेशाचा प्रश्न

साहित्याच्या विद्यार्थ्याला वाई ठाऊक असते ती ग्रंथांमुळे. प्राज्ञपाठशाळा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि मराठी विश्वकोश ही तीन नावे उच्चारली की वाईविषयीची आपली माहिती बहुधा संपते. उरलेल्या महाराष्ट्राला वाई ठाऊक असते ती वाटेवरचे गाव म्हणून. पुण्याहून पाचगणी-महाबळेश्वरकडे निघालेली गाडी पसरणीचा घाट चढण्यापूर्वी येथे थोडी विसावते, ढोल्या गणपतीचे दर्शन होते, नदीच्या पायऱ्यांवर छायाचित्रे निघतात आणि गाडी पुढे जाते. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यांत प्रतापगडही आहे, त्यामुळे या वाटेवरची वर्दळ वाढलीच तर नवल नाही. अशा वेळी गावाच्या ‘सुशोभीकरणा’ची भाषा सुरू होते. त्या भाषेविषयीच येथे थोडे बोलायचे आहे.

सुशोभीकरण म्हणजे काय, याचे आपल्याकडील उत्तर आता ठरून गेले आहे. रंगीत दिवे, गुळगुळीत फरशी, गावाच्या नावाची मोठाली चमकदार अक्षरे, छायाचित्रासाठी एक ठरावीक जागा आणि या साऱ्यापर्यंत थेट गाडी नेता येईल असा रस्ता. यांतील एकेक गोष्ट वाईट आहे असे नव्हे. पण ही सारी यादी डोळ्यांसाठी केलेली आहे. घाटावर बसायचे कोठे, सावली कोठे, बाईमाणसाला स्वच्छतागृह कोठे, पिण्याचे पाणी कोठे, हे प्रश्न तिच्यात शेवटी येतात किंवा येतच नाहीत. घाट पाहण्याची सोय होते, घाटावर असण्याची होत नाही.

वास्तविक कृष्णाकाठचे हे घाट ज्यांनी बांधले त्यांच्यापुढे असण्याचाच विचार होता. वाईच्या आजच्या रूपावर सर्वांत ठळक ठसा आहे तो पेशवाईतील रास्ते घराण्याचा. काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ सालचे आणि ढोल्या गणपतीचे १७६२ सालचे. गणपतीच्या देवळाची मागची भिंत सरळ नाही, ती माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी तिच्यावर येऊन दुभंगावे आणि दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून. नदी वर्षातून केव्हातरी अंगावर येणार, हे गृहीत धरूनच देऊळ उभे राहिले आहे. पायऱ्यांचेही तसेच. पाणी चढो वा उतरो, माणसाला त्याच्यापाशी जाता यावे हा त्यांचा हेतू. स्नान, धुणे, पिंडदान, पोहणे, संध्याकाळच्या गप्पा हे सारे त्याच दगडांवर चालत आले. शोभा आहे, पण ती उपयोगातून आलेली आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वाईचे घाट आळ्यांचे आहेत. गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह अशा एकेका वस्तीचा आपल्या घाटाशी संबंध आहे. हिवाळा ओसरू लागला की कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो आणि तो आळीआळीने आपापल्या घाटावर साजरा होतो. देवी म्हणजे नदीच. तेवढे दिवस मांडव, कीर्तन, प्रसादाच्या पंगती हे सारे घाटावर असते. सार्वजनिक जागेची देखभाल कोणी करायची, या प्रश्नाला या गावाने दिलेले हे जुने उत्तर आहे. ज्यांचा वावर, त्यांची जबाबदारी. हा वावर तुटला आणि घाट केवळ पाहुण्यांसाठी सजवलेला देखावा झाला, तर त्याची काळजी वाहणारे कोणी उरणार नाही. मग कंत्राट उरेल आणि कंत्राटाची मुदत संपल्यावर तेही उरणार नाही.

येथपर्यंतचे म्हणणे बहुतेकांना मान्य व्हावे. पण येथेच थांबलो तर आपण एका सोयीस्कर स्मरणरंजनात अडकू. ‘पूर्वी घाट सर्वांचे होते’ असे म्हणणे सोपे आहे, खरे मात्र नाही. कोणत्या पायरीवर कोणी उतरावे, कोणी कोठले पाणी भरावे आणि कोणी देवळाच्या पायरीलाही शिवू नये, हे आपल्या गावांमधून जन्माने ठरत असे. घाटांच्या आणि आळ्यांच्या नावांतूनही ही विभागणी डोकावते. तेव्हा ‘गतवैभव परत आणू’ ही घोषणा ऐकली की विचारावेसे वाटते: कोणाचे वैभव, आणि ते कोणाला पाठमोरे उभे होते?

हा प्रश्न बाहेरून आणण्याचे कारण नाही, कारण तो वाईतच विचारला गेला आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत जुनी शास्त्रे शिकवली जात होती. विनोबाही काही काळ तेथे शिकले. त्याच पाठशाळेत घडलेल्या लक्ष्मणशास्त्र्यांनी अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही, हे शास्त्राच्याच भाषेत मांडण्याच्या कामी गांधीजींना साहाय्य केले. १९३३ साली देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्यही त्यांनीच केले. प्रवेश या शब्दाला या गावात असा इतिहास आहे. पुढे तर्कतीर्थांच्या अध्यक्षतेखाली विश्वकोशाचे काम वाईत उभे राहिले आणि १९७६ साली पहिला खंड निघाला, तोही एका अर्थाने प्रवेशाचाच उद्योग होता. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला जगाच्या ज्ञानात जाण्याची वाट मराठीतून असावी, ही त्यामागची धारणा. आज ते खंड महाजालावर कोणालाही खुले आहेत.

या इतिहासाच्या उजेडात आजचा प्रश्न पाहिला तर ‘पर्यटकांची सोय’ हे शब्द फार तोकडे वाटतात. माझ्याबरोबर एकदा वाईला एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. पेशवेकालीन मराठी गद्य त्यांनी जन्मभर शिकवले. गुडघे साथ देत नसल्याने त्या घाटाच्या वरच्या टोकाला थांबल्या. टेकायला कट्टा शोधला, तर त्याच्यापुढे गाड्या उभ्या होत्या. “नदी ऐकू येते आहे, तेवढे पुरे,” असे त्या म्हणाल्या. मला ते पुरे वाटले नाही, अजून वाटत नाही.

चाकाच्या खुर्चीसाठी सोय केली की वारसा बिघडतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. जुन्या दगडावर सिमेंट ओतले तर तो बिघडेलच. पण प्रत्येक पायरीवर उतार करा असे कोणी म्हणत नाही. वरच्या पातळीवर एक सलग, अडथळा नसलेली वाट. नदी दिसेल अशा जागी सावलीतले कट्टे. एखाद्या घाटावर काढता-घालता येणारा लाकडी उतार. आणि गाड्या घाटापासून दूर, चालत येता येईल एवढ्या अंतरावर. यांतल्या कशानेही रास्त्यांच्या दगडाला ओरखडा उठत नाही. शिवाय सार्वजनिक जागा अपंगांना वापरता यावी ही आता मेहरबानीची बाब राहिलेली नाही. २०१६ च्या कायद्याने तो हक्क आहे.

प्रवेशाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो आपल्या, म्हणजे शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या, वाट्याला येतो. वाईजवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, घाट आहे आणि तेथे टांगलेली एक मोठी घंटा आहे. ती चर्चची आहे. वसईच्या मोहिमेनंतर ती इकडे आली असे सांगतात. आज अनेकजण मेणवलीला येतात ते २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटातला घाट पाहायला. त्यात हसण्यासारखे काही नाही, माणूस कोणत्या तरी ओळखीचा हात धरूनच नव्या जागी येतो. पण आल्यावर त्याला आणखी काही कळावे की नाही? पोर्तुगीजांची घंटा मराठ्यांच्या घाटावर का, मेणवली दफ्तरातले कागद इतिहासकारांना का मोलाचे वाटले, देवळाला माशाची पाठ का, हे चार वाक्यांत, स्वच्छ मराठीत, शुद्ध लिहिलेल्या फलकावर सांगता येते. असे फलक लिहिणे हे मराठीच्या विभागांचे काम का असू नये? ‘प्रेक्षणीय स्थळे’ या विषयावर निबंध लिहवून घेण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे ठरेल.

एखाद्या ऐतिहासिक गावाची सुधारणा झाली की नाही हे ठरवायला साधी कसोटी पुरे. आळीतली म्हातारी आपल्या घाटावर पूर्वीइतक्याच हक्काने बसते का? ज्यांच्या पूर्वजांना ही पायरी वर्ज्य होती ते आज तेथे निःसंकोच वावरतात का? आणि ज्यांना पायऱ्या उतरता येत नाहीत त्यांना पाणी दिसते का? या तिन्हींचे उत्तर होय असेल, तर दिवे कोणत्या रंगाचे आहेत यावरून भांडण्याचे मला काही कारण दिसत नाही.