वेदनेचें माप

ताप तापमापकानें मोजतां येतो, मधुमेह रक्तांतील साखरेवरून कळतो. मग मासिक पाळीच्या वेदनेचें माप रक्तांत कां सांपडूं नये, असा विचार शास्त्रज्ञांनीं केला तर त्यांत नवल नाहीं. घरांतील मुलीसुनांचें "फार दुखतें" हें सांगणें आपल्याकडे बहुधा नाजूकपणांत जमा होतें.

वस्तुतः या कळांचें मूळ शारीरिकच आहे. पाळीच्या वेळीं गर्भाशयाच्या अस्तरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें निर्माण होतात. त्यांच्यामुळें गर्भाशयाचे स्नायू जोरानें आकुंचन पावतात, त्यांचा रक्तपुरवठा कमी पडतो व कळा येतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड हीं औषधें या द्रव्यांची निर्मितीच रोखतात; म्हणून पुष्कळजणींना त्यांनीं उतार पडतो. परंतु हीं द्रव्यें रक्तांत फार अल्पकाळ टिकतात. एंडोमेट्रिओसिस या विकारांत सीए-१२५ हें प्रथिन वाढूं शकतें. पण तें इतर कारणांनींही वाढतें, आणि या विकाराचा विस्तार व वेदना यांचा मेळ नेहमीं बसत नाहीं. तात्पर्य, शून्य ते दहांत दुखणें किती, हें आजही डॉक्टरांस रोगिणीलाच विचारावें लागतें.

तिच्या शब्दाला किंमत नसली तर काय होतें, हें ऊसाच्या फडांत दिसतें. जुन्नर तालुक्यांत विघ्नहर व आंबेगांव तालुक्यांत भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत. हंगामांत ऊसतोडीसाठीं परजिल्ह्यांतून मजूर येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. उचल आधींच घेतलेली असते. काम चुकलें कीं 'खाडा' पडतो, पैसे कापले जातात. अशा बाईनें कळ येते म्हणून बसावें कसें? बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांची पाहणी २०१९ सालीं श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीनें केली. ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. पाळीचा त्रास व खाड्याची धास्ती हें त्यामागील एक कारण होय.

रक्ताची कसोटी निघाली तर तिचें आम्ही स्वागतच करूं. नवीं औषधें पारखण्यास ती उपयोगी पडेल. भय एवढेंच, कीं आंकडा कमी आला म्हणून मुकादमानें वा सासूबाईंनीं "तुला कांहीं होत नाहीं" असें म्हणूं नये. दाढ दुखते म्हणणाऱ्याकडे आपण कधीं पुरावा मागतों काय?

पूर्वीं आपल्या घरांतून बायका तीन दिवस बाजूला बसत, त्या विटाळामुळें, कणवेमुळें नव्हे. विटाळ पुष्कळ घरांतून गेला हें उत्तम झालें. पण त्याबरोबर विसावाही गेला. तो आतां कणवेनें परत द्यावा. शेकास गरम पाण्याची पिशवी द्यावी, डॉक्टरांच्या सल्ल्यानें औषध वेळेवर द्यावें. दुखणें महिन्यागणिक वाढत असेल तर तपासणी टाळूं नये. आणि ती "दुखतें" म्हणाली, तर तें खरें मानावें.