समासातील नोंदी आणि संग्रहालयाची भिंत

दहा-बारा सेंटना विकली जाणारी आणि वाचून झाल्यावर रद्दीत जाणारी अमेरिकी कॉमिक्स आता संग्रहालयांच्या भिंतींवर मानाने झळकू लागली आहेत. लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल सांस्कृतिक केंद्रात २०२५ मध्ये भरलेले ज्येष्ठ चित्रकार जॅक कर्बी यांच्यावरील प्रदर्शन हे त्याचे ठळक उदाहरण. मात्र अशा प्रदर्शनाकडे केवळ उशिरा लाभलेला सन्मान म्हणून पाहणे अपुरे ठरेल. मूळ चित्रे कोणाच्या ताब्यात आहेत आणि त्यांखालच्या माहितीफलकावर निर्माता म्हणून कोणाचे नाव लिहायचे, या दोन प्रश्नांना प्रदर्शनाच्या संयोजकाला आधी सामोरे जावे लागते.

न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत १९१७ मध्ये जन्मलेल्या कर्बी यांनी जो सायमन यांच्या साथीने १९४१ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’ साकारला. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर हा नायक हिटलरला ठोसा लगावताना दिसतो; अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. पुढे १९६१ पासून मार्व्हल कंपनीसाठी त्यांनी स्टॅन ली यांच्यासमवेत ‘फॅन्टास्टिक फोर’, ‘हल्क’, ‘एक्स-मेन’ आणि ‘ब्लॅक पँथर’ ही पात्रे घडविली. याच पात्रांच्या बळावर पुढे चित्रपटांचा अब्जावधी डॉलरचा व्यवसाय उभा राहिला. कर्बी यांचे निधन मात्र १९९४ मध्येच झाले.

छपाई झाली की मूळ पानाचे मोल संपले, अशीच त्या काळातील प्रकाशकांची धारणा होती. पाने गोदामात पडून राहिली, काही वाटली गेली, काही चोरीस गेली. मार्व्हलने जुनी पाने चित्रकारांना परत करावयास घेतली, तेव्हा इतरांपुढे एक पानी करारनामा ठेवण्यात आला; कर्बींपुढे मात्र चार पानी. त्यावरून अनेक वर्षे वाद धुमसला. अखेर १९८७ मध्ये त्यांना सुमारे दोन हजार पाने परत मिळाली. मार्व्हलसाठी त्यांनी रेखाटलेल्या पानांची संख्या दहा हजारांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. साहजिकच उरलेल्या कामासाठी संयोजकाला खासगी संग्राहकांचे दरवाजे ठोठवावे लागतात आणि प्रत्येक पान त्यांच्यापर्यंत कसे पोहोचले, हेही तपासावे लागते.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. ली तोंडी कथासूत्र सांगत, कर्बी संपूर्ण कथा चित्रांत मांडत आणि त्यानंतर ली संवाद लिहीत, अशी मार्व्हलची कार्यपद्धती होती. अशा पद्धतीत लेखक कोणास म्हणावे? या वादातील महत्त्वाचा पुरावा मूळ पानांवरच आहे. प्रसंगात काय घडते आहे, याच्या नोंदी कर्बी पानाच्या समासात पेन्सिलीने करीत. छपाईत समास वगळला जाई, त्यामुळे वाचकाला त्या कधीच दिसल्या नाहीत. पान समासासह मांडले, की प्रेक्षक स्वतःच निष्कर्ष काढू शकतो. चौकटीच्या कडेने समास झाकला, तर उरते ते केवळ देखणे चित्र.

न्यायालयांत कर्बी यांच्या वारसांना यश आले नाही. हे काम कंपनीने करवून घेतलेले असल्याने हक्क कंपनीचेच, असा निर्वाळा २०११ व २०१३ मध्ये देण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर मार्व्हलच्या अंकांत ली यांच्या जोडीने कर्बींचे नाव सहनिर्माता म्हणून झळकू लागले. कायद्याने नाकारलेले श्रेय तडजोडीने दिले.

मांडणीच्या अडचणीही कमी नाहीत. कॉमिक्स हातात धरून, पाने उलटत वाचायची असतात. भिंतीवरचे सुटे पान कथेपासून तुटते. रंग स्वतंत्र प्रतीवर ठरविले जात असल्याने मूळ पान कृष्णधवल असते. साठच्या दशकातील बरीचशी पाने छापील पानाच्या जवळपास दुप्पट आकाराची आहेत. कागदाला प्रकाश सोसत नाही, म्हणून दिवे साधारण ५० लक्सपर्यंत मंद ठेवावे लागतात. कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज विद्यापीठात अभ्यासक चार्ल्स हॅटफिल्ड यांनी २०१५ मध्ये कर्बींची शंभराहून अधिक मूळ पाने एकत्र मांडली, ती या साऱ्या मर्यादा सांभाळूनच.

हा प्रश्न मुंबई-पुण्याला परका नाही. मुंबईतून १९६७ मध्ये सुरू झालेली ‘अमर चित्र कथा’ म्हटले, की अनंत पै यांचे नाव ओठी येते आणि ते योग्यच आहे. पण ‘कृष्ण’ आणि नंतर ‘टिंकल’मधील सुपंडी रेखाटणारे राम वाईरकर, किंवा ‘अमर चित्र कथे’बरोबरच ‘नागराज’च्या सुरुवातीच्या अंकांना रूप देणारे प्रताप मुळीक यांची नावे आतल्या पानांवर छापली जाऊनही किती वाचकांच्या स्मरणात आहेत? त्यांच्यावर उद्या प्रदर्शन भरवायचे ठरले, तर लागतील ती मूळ पाने, पेन्सिलीचे आराखडे आणि सहकाऱ्यांच्या आठवणी. छापील अंक पुन्हा छापता येतो. समासातील नोंद मात्र एकदाच लिहिली जाते. ती जपण्याचे काम प्रदर्शनाची तारीख ठरल्यावर सुरू करून भागणार नाही.