कॅसेटमधला आवाज मोबाईलवर

घरोघरी माळ्यावर कॅसेटींचा एखादा डबा असतोच. त्यातली सिनेमाची बहुतेक गाणी मोबाईलच्या अ‍ॅपवर सहज मिळतात. ती उतरवण्यात वेळ दवडू नये. पण आजीच्या ओव्या किंवा बाळाचे बोबडे बोल दुसरीकडे कुठे मिळणार? फीत वर्षागणिक खराब होते, म्हणून आधी याच कॅसेटी हाती घ्याव्यात.

बरीच वर्षे बंद असलेला टेपरेकॉर्डर फीत गुंतवतो. पहिली चाचणी सिनेमाच्या कॅसेटवरच करावी! मग हेडफोनच्या जॅकमधून संगणकाच्या ‘लाइन-इन’ला वायर जोडावी. लॅपटॉपला ती सोय नसल्यास यूएसबीचा जोड मिळतो. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटेच लागतात. रेकॉर्डिंगची पातळी बेताची ठेवावी. खरखर नंतर कमी करता येते, फाटलेला आवाज सहसा सुधारत नाही.

मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये ठेवावी. तासाला सुमारे ६०० एमबी जागा लागते. मोबाईलवर ऐकायला ६० एमबीची एमपी३ पुरते. फाइलीच्या नावात आवाज कुणाचा, प्रसंग कोणता, साल कोणते हे लगेच लिहावे. ओळखणारी माणसे घरात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवूनच ऐकावे.