शंभर गाठायला किती सेकंद? एक अपुरा प्रश्न

मोटारगाडीची जाहिरात पाहताना तुमच्यापैकी बहुतेकांचे लक्ष एका आकड्याकडे जाते. उभी गाडी ताशी १०० किलोमीटरचा वेग किती सेकंदांत गाठते? या आकड्यावरून वर्गात होणारे वाद शिक्षकांनाही ठाऊक असतील. वाद जरूर घाला. पण तो आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला हे विचारल्यावाचून घातलेला वाद विज्ञानाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही, असे आमचे मत आहे. प्लग-इन हायब्रिड गाड्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येणार नाही.

आधी नागपूरचे उदाहरण घेऊ. २६ मे २०१७ रोजी या शहरात विजेवर चालणाऱ्या टॅक्सींचा प्रयोग सुरू झाला. ओलाच्या त्या ताफ्यात महिंद्राच्या ई२ओ प्लस या छोट्या गाड्या मोठ्या संख्येने होत्या. या गाडीचा कमाल वेग ताशी ८० ते ८५ किलोमीटर. म्हणजे जाहिरातीच्या मोजपट्टीने पाहिले तर तिला आकडाच नाही! पण सीताबर्डीच्या गर्दीत शंभराचा वेग हवा होता कोणाला? चालकांची तक्रार निराळीच होती. बॅटरी भरण्यासाठी ताटकळत थांबावे लागे आणि तेवढा वेळ धंदा बुडे. काहींनी पुढे पुन्हा डिझेलची वाट धरली.

ही अडचण टाळण्याचा एक मार्ग म्हणजे प्लग-इन हायब्रिड गाडी. तिच्यात पेट्रोलचे इंजिन असते, विद्युत् मोटरही असते, आणि बॅटरी घरच्या प्लगवर भरता येते. बॅटरी संपली तरी गाडी अडत नाही. अशा दोन गाड्या भारतातही विकायला आल्या होत्या. बी.एम.डब्ल्यू.ची आय-८ ही ठेंगणी, शर्यतीच्या गाडीसारखी. आणि व्होल्वोची एक्ससी-९० टी-८ ही सात माणसांचे कुटुंब नेणारी धिप्पाड गाडी. शंभराचा वेग गाठायला पहिलीला ४.४ सेकंद लागतात, दुसरीच्या सुरुवातीच्या आवृत्तीला ५.६ सेकंद. हे कंपन्यांनीच दिलेले आकडे आहेत.

आता वही काढा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. त्याला ४.४ ने भागले की आय-८ चे सरासरी त्वरण ६.३ मीटर प्रतिसेकंद वर्ग येते. व्होल्वोचे येते ५. आय-८ जिंकली, वाद संपला असे वाटेल. पण थोडे थांबा. आय-८ चे वस्तुमान सुमारे दीड टन आहे, व्होल्वोचे सुमारे २.३ टन. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला पाठ आहेच. त्यात हे आकडे घातले तर शंभराच्या वेगाला आय-८ जवळ सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा असते आणि व्होल्वोजवळ सुमारे ८९०. ही ऊर्जा लागलेल्या वेळाने भागा. आय-८ ची सरासरी शक्ती १३० किलोवॉटच्या आसपास येईल, व्होल्वोची १६० च्या आसपास. म्हणजे शर्यतीत हरलेल्या गाडीने दर सेकंदाला अधिक काम केले! ‘चपळ कोणती’ आणि ‘जोरकस कोणती’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जाहिरातीतला आकडा फक्त पहिल्याचे उत्तर देतो.

या गाड्यांची आणखी एक गंमत आहे. आय-८ मध्ये इंजिन मागची चाके फिरवते आणि विद्युत् मोटर पुढची. व्होल्वोत नेमके उलटे. जोरात निघताना चारही चाके रस्त्याला रेटतात. पण शेवटी गाडीला पुढे ढकलते ते टायर आणि रस्ता यांमधील घर्षण, आणि त्याला मर्यादा आहे. श्रावणात भिजलेल्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ धरला, तर कोणत्याही गाडीला ४.९ पेक्षा अधिक त्वरण मिळणार नाही. इंजिन कितीही दांडगे असो, शंभर गाठायला निदान ५.७ सेकंद लागणारच. मग आय-८ ची १.२ सेकंदांची आघाडी पावसात वाहून गेली म्हणायची!

उन्हाळ्याचीही तीच कथा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या वेळी हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी विरळ असते, आणि बॅटरी फार तापली की तिची नियंत्रक यंत्रणा विद्युत्प्रवाह आवरता घेते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॅटरी उतरली की मोटरचा हातभार आखडतो. बॅटरीचे आणि मोटरचे वजन मात्र इंजिनाला वाहावेच लागते. भरलेल्या बॅटरीची गाडी आणि उतरलेल्या बॅटरीची तीच गाडी, या शर्यतीपुरत्या दोन निरनिराळ्या गाड्या समजाव्यात.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्लग-इन हायब्रिड गाडीच्या जाहिरातीत दोन आकडे छापले जावेत, एक बॅटरी भरलेली असतानाचा आणि दुसरा उतरलेली असतानाचा. शिवाय मोजण्याची रीतही सांगावी. अमेरिकेत ताशी ६० मैल हा टप्पा धरतात, म्हणजे ९६.६ किलोमीटर; आणि तिकडच्या अनेक चाचण्यांत गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. तिथला आकडा आणि इथला आकडा शेजारी मांडून निकाल देणे म्हणजे वार आणि मीटर एकाच पट्टीवर मोजण्यासारखे आहे.

शिक्षकांनाही एक विनंती. त्वरणाची उदाहरणे फळ्यावर सोडवून घेता, तशी एकदा मेट्रोत बसूनही घ्या. सीताबर्डी स्थानकातून गाडी सुटण्यापूर्वी कोनमापक उलटा धरून त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधा आणि दोऱ्याच्या टोकाला लोखंडी नट लटकवा. गाडी उभी असताना दोरा ९० अंशांच्या रेषेवर आहे ना, हे पाहा. गाडी निघाली की नट मागे झुकेल. तो झुलत राहिला तर दोन्ही टोकांच्या मधला कोन धरा. त्या कोनाच्या टॅन्जंटला ९.८ ने गुणले की त्वरण मिळते. दोरा ६ अंश झुकला तर त्वरण साधारण १ मीटर प्रतिसेकंद वर्ग. हाच दोरा आय-८ मध्ये सरासरी ३३ अंश झुकला असता आणि व्होल्वोत २७ अंश. मेट्रोत किती झुकतो, ते वहीत टिपताना डब्यात गर्दी किती होती हेही शेजारी लिहा.