ग्रामीण धावपटू आणि जागतिक पदकाची शक्यता

जिल्हा पातळीवरील शालेय क्रीडा स्पर्धेत एखाद्या निवासी शाळेचा विद्यार्थी तीन हजार मीटरची शर्यत मोठ्या अंतराने जिंकतो, तेव्हा सत्कार समारंभात एक वाक्य हमखास उच्चारले जाते : 'हा मुलगा एक दिवस ऑलिंपिक गाजवणार.' बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, टाळ्याही पडतात. परंतु ज्याच्या गळ्यात हार पडलेला असतो, त्या चौदा वर्षांच्या मुलाला या वाक्याचा अर्थ कोणी समजावून सांगत नाही. तो बिचारा ते वाक्य खरे मानून दुसऱ्या दिवशी पहाटे दुप्पट धावू लागतो.

म्हणून हा प्रश्न एकदा गंभीरपणे विचारला पाहिजे. खेड्यातून आलेल्या, वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला लांब पल्ल्याच्या शर्यतीत जागतिक पदक मिळण्याची शक्यता खरोखर किती? माझे मत असे की, ती फार थोडी आहे. पण शून्य नाही. आणि जी थोडी आहे ती टिकणे किंवा संपणे हे बहुतांशी वयाच्या तेराव्या ते एकोणिसाव्या वर्षांत, म्हणजे आपल्याच अंगणात ठरते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धा १९८३ मध्ये सुरू झाली. २०२५ पर्यंत भारताला तीत एकूण तीन पदके मिळाली : अंजू बॉबी जॉर्ज यांचे लांब उडीतील कांस्य आणि नीरज चोप्रा यांचे भालाफेकीतील रौप्य व सुवर्ण. धावण्यात एकही नाही. या कोऱ्या पानाच्या सर्वांत जवळ जे भारतीय पुरुष धावपटू गेले, त्यांत बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. त्यांची वाटचाल आपल्या वाचकांना ठाऊक असेल. तरीही तिच्यातील काही आकडे पुन्हा मांडणे आवश्यक आहे, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांतच दडलेले आहे.

साबळे बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाले. ते धावपटू म्हणून गेले नव्हते, नोकरीसाठी गेले होते. सियाचीनला सेवा झाली, राजस्थानात झाली. शर्यतीकडे ते वळले २०१५ च्या सुमारास, वयाची विशी ओलांडल्यावर. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ नोंदवून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळाले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. १९९८ पासून २०१८ पर्यंत या शर्यतीतील एकूण एक राष्ट्रकुल पदक केनियाकडे गेलेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रौप्याचे मोल कळते. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आशियाई सुवर्ण आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथील डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद.

आता याची दुसरी बाजू. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत ते तेरावे, २०२२ च्या युजीन स्पर्धेत अकरावे आले. २०२३ मध्ये बुडापेस्टला अंतिम फेरीही गाठता आली नाही. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत ते अकरावे आले, ८ मिनिटे १४.१८ सेकंद. त्याच शर्यतीत अमेरिकेच्या केनेथ रूक्स यांनी ८ मिनिटे ६.४१ सेकंदांत रौप्य जिंकले. हे रूक्स शर्यतीपूर्वीच्या वैयक्तिक वेळेत साबळे यांच्या मागे होते. सर्वोत्तम वेळ घेऊन आलेला धावपटू मागे राहतो आणि त्याच्याहून मंद मानलेला पदक नेतो, हे कसे घडते?

याचे अधिक स्पष्ट उत्तर सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेने दिले. तेथील स्टीपलचेसची अंतिम शर्यत न्यूझीलंडच्या जॉर्डी बीमिश यांनी ८ मिनिटे ३३.८८ सेकंदांत जिंकली. वाचकांनी हा आकडा पुन्हा पाहावा. साबळे यांनी सात वर्षांपूर्वी भुवनेश्वरला केलेला पहिला विक्रम याहून चार सेकंदांनी सरस होता! त्या अंतिम शर्यतीत साबळे नव्हते. जुलैमध्ये मोनॅकोला गुडघ्याला झालेली दुखापत त्यांना शस्त्रक्रियेपर्यंत घेऊन गेली होती. ते असते तर जिंकले असते, असे मी म्हणणार नाही. कारण शर्यत मंद होती ती शेवटच्या फेरीपर्यंतच. नंतर ती आडवाटेने वीज पडावी तशी पेटली, आणि ज्याच्या पायांत शेवटच्या २०० मीटरचा वेग शिल्लक होता तो पुढे गेला. बीमिश हे २०२४ मध्ये १५०० मीटरचे जागतिक इनडोअर विजेते झालेले धावपटू आहेत, हा योगायोग नव्हे.

जागतिक स्पर्धेत पदक बहुधा शेवटच्या फेरीत ठरते. आणि शेवटच्या फेरीचा वेग पंचविसाव्या वर्षी विकत आणता येत नाही. दम, चिकाटी, दूरवर धावण्याची ताकद ही उशिरा मिळवता येते. साबळे यांनी ती विशीनंतर मिळवून दाखवली. पायांची चपळता, अडथळ्यावरून जाण्याची लय, थकलेल्या अंगाने पुन्हा वेग घेण्याची सवय ही मात्र वाढीच्या वयात रुजते. आपण नेमके उलटे करतो. सातवी-आठवीतील काटक मुलगा दिसला की त्याला दहा किलोमीटर पळवतो. तो जिंकतोही, कारण त्या वयात इतके कोणी धावलेलेच नसते. गावोगावी नेत्यांच्या वाढदिवसानिमित्त ज्या 'मॅरेथॉन' भरतात (पाच किलोमीटरलाही आपल्याकडे मॅरेथॉनच म्हणतात), त्यांत कॅनव्हासच्या बुटांनी डांबरावर धावून तो रोख बक्षिसे आणतो. शाळेच्या कपाटात चषक वाढतात. अकरावीत नडगी दुखू लागते, गुडघ्याखाली सूज येते, आणि बारावीत तो मैदानावर दिसत नाही.

याचे टोकाचे उदाहरण देशाने २००६ मध्ये पाहिले. ओडिशातील बुधिया सिंग या सुमारे चार वर्षांच्या बालकाला पुरीपासून भुवनेश्वरपर्यंत ६५ किलोमीटर धावायला लावले गेले. कॅमेरे होते, जयजयकार होता. पुढे बालकल्याण यंत्रणेने ते थांबवले, तेव्हा अनेकांना तो प्रतिभेवरचा अन्याय वाटला. त्या मुलाचे नाव पुढे कोणत्याही जागतिक शर्यतीत आले नाही. आपल्या शाळांतून असे काही घडत नाही, हे मान्य. पण बारा वर्षांच्या मुलाला अर्धमॅरेथॉन धावायला लावण्यामागची वृत्ती तीच आहे, प्रमाण तेवढे कमी.

मग निवासी शाळा काय करू शकते? येथे मला केनियातील एका शाळेची आठवण देणे भाग आहे. इटेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे; आपल्या कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर. तेथे सेंट पॅट्रिक्स ही मुलांची निवासी शाळा आयर्लंडच्या पॅट्रिशियन ब्रदर्स या धर्मसंघाने नावारूपाला आणली. १९७६ मध्ये ब्रदर कोल्म ओ'कॉनेल तेथे भूगोल शिकवण्यासाठी गेले. धावण्याच्या प्रशिक्षणाची कोणतीही पदवी त्यांच्याजवळ नव्हती. त्या शाळेतून पीटर रोनो निघाले, ज्यांनी १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकात १५०० मीटरचे सुवर्ण मिळवले. मॅथ्यू बिरीर निघाले, १९९२ चे स्टीपलचेस विजेते. विल्सन बोइट किपकेटर निघाले, १९९७ चे जागतिक विजेते. बोस्टन मॅरेथॉन तीनदा जिंकणारे इब्राहिम हुसेन हेही तिथलेच. विजेत्यांच्या नावाने शाळेच्या आवारात झाडे लावलेली आहेत.

इटेनची नक्कल केली की आपल्याकडे पदके येतील, असा भाबडा दावा मी करीत नाही. ती उंची आपल्याकडे नाही आणि धावण्याची ती सामुदायिक परंपराही नाही. परंतु एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तेथील मुले आधी विद्यार्थी होती; वर्ग, परीक्षा, शेतीची कामे आणि त्यांच्यामध्ये बसेल एवढेच धावणे. १९८९ पासून ब्रदर कोल्म यांनी सुट्टीतील शिबिरे सुरू केली, त्यांत मुलीही आल्या. शिक्षक एकच व्यक्ती वर्षानुवर्षे राहिली आणि तिने मुलांची शरीरे वाढताना पाहिली. आपल्याकडे क्रीडाशिक्षक दोन-तीन वर्षांत बदलतो किंवा त्याच्याकडे परीक्षेचे, पोषण आहाराचे, निवडणुकीचे काम असते; मुलाचे कालचे दुखणे आजच्या शिक्षकाला माहीत नसते.

यावर कोणी म्हणेल की जग इतके थांबत नाही. टोकियोच्या त्याच शर्यतीत केनियाच्या एडमंड सेरेम या सतरा वर्षांच्या मुलाने कांस्यपदक जिंकलेच ना? जिंकले. असे अपवाद होतात आणि त्यांचे कौतुकही करावे. पण युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेई यांच्याकडेही पाहावे. २०१४ मध्ये ते कनिष्ठ गटाचे जागतिक विजेते होते. २०१७ मध्ये मायदेशी, कंपाला येथे जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धेत ते शेवटच्या टप्प्यापर्यंत आघाडीवर होते. नंतर पाय उचलेनात, आणि स्वतःच्या लोकांसमोर ते तिसावे आले. वय वीस. त्यांना पुढची वर्षे मिळाली म्हणून २०१९ चे जागतिक सुवर्ण झाले, २०२० मध्ये ५००० व १०,००० मीटरचे विश्वविक्रम झाले, २०२४ मध्ये पॅरिसचे सुवर्ण झाले. आपल्याकडे विसाव्या वर्षी तिसावा आलेला मुलगा भरतीच्या रांगेत उभा राहतो.

भरतीचा उल्लेख मी तुच्छतेने करीत नाही. पोलीस भरतीतील १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर, सैन्यभरतीतील सोळाशे मीटर, हीच आपल्या बहुसंख्य मुलांची खरी अंतिम शर्यत आहे. तीवर घर उभे राहते. साबळेही त्याच दारातून गेले. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची स्टीपलचेस अंतिम फेरी गाठली, ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा विक्रम केला. बत्तीस वर्षांनी एखादी भारतीय महिला ऑलिंपिकच्या ट्रॅकवरील अंतिम शर्यतीत धावत होती. पुढे त्या शासकीय सेवेत गेल्या. यात कमीपणा कसला? पालक 'धावून काय मिळणार?' असे विचारतात तेव्हा त्यांना पदकाचे चित्र दाखवू नये, हे दाखवावे.

मुलींविषयी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. वसतिगृहातील अनेक मुलींचे हिमोग्लोबिन कमी असते आणि तरीही त्या जिल्ह्यात पहिल्या येतात. या यशाने आपण फसतो. ज्या मुलीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचीच ताकद कमी, तिला अधिक धावायला सांगणे हा सराव नव्हे. वर्षातून दोनदा रक्ततपासणी, अंडी किंवा दूध, शेंगदाणे-गूळ, हरभरे, नाचणी आणि पाळीविषयी संकोच न बाळगता बोलणारी शिक्षिका एवढे झाले तरी त्यांच्या वेळा आपोआप सुधारतील. तीच गोष्ट झोपेची. पहाटे साडेचारला मैदानावर आणि रात्री दहापर्यंत अभ्यासिकेत, हे वेळापत्रक कागदावर शिस्तीचे दिसते. वाढत्या शरीराचे ते नुकसान आहे. आणि वयाचा दाखला खरा असावा. मोठ्या मुलाला लहान गटात उतरवून मिळवलेला चषक दोघांचे भविष्य खातो, त्याचेही आणि त्याच्यामागे दुसऱ्या आलेल्या खऱ्या बारा वर्षांच्या मुलाचेही.

माझी सूचना साधी आहे. दहावीपर्यंत ८०० आणि १५०० मीटरच्या पुढे स्पर्धा नको; चढावरच्या छोट्या धावा, उड्या, अडथळे, खो-खो, कबड्डी भरपूर हवी. प्रत्येक धावणाऱ्या मुलामुलीची एक वही असावी : उंची, वजन, वेळा, दुखणी, रक्ततपासणी. शिक्षक बदलला तरी वही तीच राहावी आणि शाळा सोडताना दाखल्यासोबत ती विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. सत्काराच्या वेळी ऑलिंपिकचे नाव घेण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी ती वही उघडून पाहावी.

आज आठवीत असलेले मूल २०३६ च्या ऑलिंपिकच्या वर्षी साधारण चोवीस वर्षांचे असेल. साबळे यांनी भुवनेश्वरला पहिला विक्रम केला तेच ते वय.